पंपांआधी वास्तू : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

विषय : पर्जन्यजल उदंचन केंद्रांच्या संरचनेची तपासणी, तिची जाहीर नोंद आणि देखभाल यांबाबत.

महोदय,

दर पावसाळ्यात मुंबईचे सखल भाग पाण्याखाली गेले की उदंचन केंद्रांतले किती पंप चालू होते, त्यांनी किती पाणी समुद्रात टाकले आणि ते ओसरायला किती तास लागले, हे आकडे जाहीर होतात आणि नागरिकही त्याच आकड्यांवरून त्या वर्षाचा हिशेब मांडतात. ज्या वास्तूत हे पंप बसवलेले असतात तिच्या प्रकृतीविषयी मात्र या चर्चेत सहसा अवाक्षरही निघत नाही. पंप बिघडला तर तो दुरुस्त करता येतो किंवा बदलता येतो. पण ज्या काँक्रीटच्या विहिरीत तो उभा असतो तिचा तळ उचलला गेला, समुद्राकडच्या भिंतीला तडा गेला किंवा समुद्राला अडवणाऱ्या दरवाजाची चौकट गंजून सुटली, तर त्या पावसाळ्यापुरते ते केंद्र असून नसल्यासारखे होते. पूरनियंत्रणाच्या वास्तूवर सर्वांत मोठा भार नेमका त्याच घटकेला येतो ज्या घटकेला शहराला तिची सर्वाधिक गरज असते. म्हणून तिची आखणी, तपासणी आणि देखभाल त्या एका घटकेच्या मापाने झाली पाहिजे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे, आणि पुढचे सारे विवेचन त्याच्या समर्थनार्थ आहे.

उदंचन म्हणजे खालच्या पातळीवरचे पाणी उपसून वरच्या पातळीवर टाकणे. पाणी स्वतःच्या वजनाने समुद्राकडे धावत असताना ते यंत्राने उचलून टाकण्याची वेळ मुंबईवर का आली, याचे उत्तर या शहराच्या जमिनीच्या इतिहासात आहे. सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली बुजवून हे शहर उभे राहिले. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून भरतीचे पाणी ज्या खिंडारातून बेटांच्या पोटात शिरत असे, ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत बांध घालून बंद करण्यात आले. वारंवार ढासळणारा हा बांध रामजी शिवजी प्रभू यांना देवीचा दृष्टान्त झाल्यानंतरच टिकला, अशी आख्यायिका मुंबईत आजही सांगितली जाते. त्या बांधाने समुद्राला बाहेर रोखले आणि शेकडो एकर जमीन वस्तीयोग्य केली. परंतु बाहेरच्या पाण्याची वाट बंद होताना आतल्या पाण्याची वाटही अरुंद झाली, आणि समुद्राच्या भरतीपेक्षा खोल असलेली जमीन कायमची शहराच्या पदरी पडली. हाजी अली आणि वरळीचे लव्हग्रोव्ह ही दोन उदंचन केंद्रे त्याच जुन्या खिंडाराच्या परिसरात उभी आहेत, हा योगायोग नाही.

पर्जन्यजल वाहिन्या जिथे समुद्रात किंवा खाडीत मोकळ्या होतात त्या तोंडांना पातमुखे म्हणतात. मुंबईतील १८६ पातमुखांपैकी ४५ मध्यम समुद्रपातळीच्या खाली आहेत, १३५ त्या पातळीच्या वर असली तरी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, आणि भरतीतही उघडी राहणारी पातमुखे केवळ ६ आहेत. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण साडेचार मीटरच्याही वर चढते. अशा वेळी मुसळधार पाऊस झाला तर वाहिन्यांतले पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्राचेच पाणी वाहिन्यांतून शहरात शिरू लागते. यावर उपाय दोनच गोष्टींचा मिळून होतो : पातमुखावर दरवाजा लावून समुद्राला अडवणे आणि दरवाजाच्या आत साचणारे पाणी पंपांनी उचलून त्याच्यावरून पलीकडे टाकणे. दरवाजा, विहीर, पंप आणि त्यांना धरून ठेवणारी काँक्रीटची चौकट यांचा हा एकत्र संच म्हणजेच पर्जन्यजल उदंचन केंद्र होय.

जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या, आणि पडलेल्या पावसापैकी निम्मेच पाणी वाहिनीत येईल, उरलेले जमिनीत मुरेल, असे त्यांत गृहीत होते. मोकळी जमीन इमारतींनी आणि डांबराने झाकली गेल्यावर हे गृहीतक कोसळले. म्हणून १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे बृहन्मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याच्या बृहत् आराखड्याने, तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि पडेल तेवढे सगळे पाणी वाहून येणार असा नवा पाया धरला. पाऊस दुप्पट आणि वाहून येणारा वाटाही दुप्पट, म्हणजे वाहिनीने पेलायचे पाणी चौपट. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर पाणी गोळा होते. मुंबईच्या केंद्रांतला एक पंप सेकंदाला ६ घनमीटर, म्हणजे ६,००० लिटर पाणी उपसतो, हे लक्षात घेतले की एका चौरस किलोमीटरला दोनहून अधिक पंप लागतात, हा हिशेब उघड होतो.

या अहवालाने आठ उदंचन केंद्रांची शिफारस केली होती. तिच्या अंमलबजावणीला खरी गती मिळाली ती २६ जुलै २००५च्या महापुरानंतर. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस पडला नाही. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रे उभी राहिली. त्यांतल्या ४३ पंपांची एकत्रित क्षमता सेकंदाला २,५८,००० लिटर आहे. ही कामगिरी लहान नाही, आणि तिचे श्रेय महापालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्या खात्यातील अभियंत्यांना आणि पावसाच्या रात्री केंद्रांवर उभे राहणाऱ्या कामगारांना मनापासून दिले पाहिजे. तथापि क्षमतेचा हा आकडा पंपांचा आहे. तो प्रत्यक्षात उतरण्यासाठी वास्तूला काय काय सोसावे लागते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

पहिला भार खालून येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. उदंचन केंद्राची विहीर भूजलाच्या पातळीखाली बरीच खोल जाते, आणि पाण्यात बुडालेल्या कोणत्याही वस्तूप्रमाणे ती स्वतःच्या आकाराइतक्या पाण्याच्या वजनाएवढ्या जोराने वर ढकलली जाते. उदाहरणादाखल, ४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि भूजलाच्या पातळीखाली ८ मीटर खोल अशी विहीर घेतली, तर तिच्या तळावरचा हा जोर ६,४०० टन भरतो. आणि एक घनमीटर सलोह काँक्रीट सुमारे अडीच टनांचे असल्याने, रिकामी विहीर नुसती जागेवर राहावी एवढ्यासाठीच अडीच हजार घनमीटरहून अधिक काँक्रीट लागते. म्हणून अभियंते अशा विहिरीचा तळ गरजेपेक्षा जाड करतात, तळाच्या कडा भिंतीबाहेर काढून त्यांच्यावर मातीचे वजन घेतात, किंवा पोलादी दोर खडकात रोवून तिला खाली बांधतात. टोकियोच्या उत्तरेला २००६ मध्ये पूर्ण झालेल्या भुयारी पूरनियंत्रण प्रकल्पातल्या विशाल टाकीत ५९ खांब आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचे वजन सुमारे ५०० टन आहे. ते छत पेलतातच, शिवाय भूजलाच्या जोराने टाकी वर उचलली जाऊ नये म्हणूनही ते वजन तिथे ठेवलेले आहे.

या भाराचा धोका देखभालीच्या वेळी वाढतो. पाण्याने भरलेल्या विहिरीला आतल्या पाण्याचे वजन खाली दाबून धरते. दुरुस्तीसाठी ती रिकामी केली की तो आधार जातो. उन्हाळ्यात भूजल खोल गेलेले असते तेव्हा विहीर रिकामी करणे तुलनेने निर्धोक असते, पण ऐन जुलैत पंप अडकला आणि विहीर उपसून आत उतरण्याची वेळ आली, तर सभोवतालची जमीन पूर्णपणे भिजलेली असते आणि वर ढकलणारा जोर सर्वाधिक असतो. कोणत्या महिन्यात, भूजलाची पातळी किती असताना, किती कप्पे एकाच वेळी रिकामे करता येतील, याची मर्यादा संरचना अभियंत्याने आकड्यांत काढलेली असते. ती कार्यालयातल्या नकाशावर न राहता केंद्राच्या भिंतीवर, तिथे काम करणाऱ्यांना वाचता येईल अशा मराठीत लिहिलेली असली पाहिजे.

दुसरा भार बाजूने येतो. भिंतीवरचा किंवा दरवाजावरचा पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे पाण्याची खोली दुप्पट झाली की भिंतीला ढकलणारा एकूण जोर चौपट होतो, आणि तिला पायथ्याशी उलथवू पाहणारा परिणाम आठपट होतो. तीन मीटर पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला साडेचार टनांनी ढकलते. सहा मीटर पाणी अठरा टनांनी. समुद्राकडे उधाणाची भरती आणि आत पंपांनी खाली नेलेले पाणी, असा दोन बाजूंच्या पातळ्यांतला फरक जितका मोठा, तितका या भिंतीवरचा भार मोठा. म्हणजेच पंप जितके उत्तम चालतील, तितकी त्यांच्या वास्तूची परीक्षा कठीण होते. यश आणि भार यांचे हे नाते साध्या इमारतीत नसते, आणि म्हणूनच उदंचन केंद्राला इमारतीच्या नेहमीच्या तपासणीचे निकष अपुरे पडतात.

बाजूच्या भाराचे दुसरे रूप पंपांच्या तोंडाशी असते. प्लास्टिक, थर्माकोल, लाकडाचे ओंडके असा वाहून आलेला कचरा पंपात जाऊ नये म्हणून विहिरीच्या मुखाशी लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात. जाळी मोकळी असताना पाणी तिच्यातून सहज जाते आणि तिच्यावर फारसा भार नसतो. पण कचऱ्याने ती बुजली की ती जाळी न राहता भिंत होते. पाच मीटर रुंदीच्या बुजलेल्या जाळीच्या एका बाजूला चार मीटर आणि दुसऱ्या बाजूला दोन मीटर पाणी असेल, तर तिच्यावर सुमारे ३० टनांचा जोर येतो, आणि हा भार तिच्या चौकटीला व ती ज्यात रोवलेली आहे त्या काँक्रीटला सोसावा लागतो. नाल्यात टाकलेली पिशवी पाण्याची वाट अडवते हे सर्वांना ठाऊक आहे. तीच पिशवी केंद्राच्या संरचनेवर टनांचा भार चढवते, हेही नागरिकांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

तिसरा भार यंत्रांच्या हालचालीचा आहे. सेकंदाला सहा घनमीटर पाणी पाच मीटर वर उचलायचे, तर केवळ पाण्याला द्यावी लागणारी शक्ती सुमारे ३०० किलोवॅट होते. एवढ्या शक्तीचे यंत्र फिरताना त्याचा कंप पायात उतरतो. प्रत्येक वास्तूला, वाजवलेल्या घंटेप्रमाणे, स्वतःची एक कंपनगती असते, आणि यंत्राच्या फिरण्याची गती तिच्याशी जुळली तर लहान कंपही वाढत जाऊन बोल्ट ढिले करतो, बेअरिंग झिजवतो आणि काँक्रीटला केसासारख्या चिरा पाडतो. याच्या जोडीला पाण्याचा स्वतःचा स्वभाव असतो : विहिरीचा आकार चुकला किंवा तिच्यात गाळ साचला, तर पंपाच्या तोंडाशी भोवरे तयार होतात, भोवऱ्यावाटे हवा आत ओढली जाते, आणि पंप धडधडू लागून त्याची क्षमता घटते. म्हणून मोठ्या केंद्रांच्या विहिरींची लहान प्रतिकृती करून तिच्यात पाणी सोडून पाहण्याची पद्धत जगभर आहे, आणि १९१६ मध्ये सुरू झालेली, आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था महाराष्ट्रातच असल्याने या ज्ञानासाठी मुंबईला दूर जावे लागत नाही.

चौथा शत्रू संथ आहे, तो म्हणजे खारे पाणी. काँक्रीटमधील पोलादी सळ्यांना गंजापासून वाचवते ते त्यांच्याभोवतीचे काँक्रीटचे आवरण. समुद्राच्या मिठातील क्लोराइड या आवरणातून वर्षानुवर्षे झिरपत आत जाते, सळ्यांपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो, आणि गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा मागत असल्याने आवरण आतून फुटते. भारतीय मानक आय.एस. ४५६ (२०००) नुसार भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील काँक्रीट अतितीव्र परिस्थितीतले मानले जाते. त्यासाठी किमान एम ४० प्रतीचे काँक्रीट आणि ७५ मिलिमीटरचे आवरण सांगितलेले आहे. कायम पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा कधी भिजणाऱ्या आणि कधी वाळणाऱ्या भागाला अधिक संरक्षण लागते, कारण गंजाला पाणी आणि हवा दोन्ही हवे असतात, आणि ती दोन्ही आळीपाळीने पुरवण्याचे काम भरती-ओहोटी दिवसातून दोनदा न चुकता करते. उदंचन केंद्राचे दरवाजे, जाळ्यांच्या चौकटी आणि समुद्राकडची भिंत नेमकी याच पट्ट्यात असते. बाहेरून रंग दिलेली भिंत आतून कितपत शाबूत आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी आवरणाची जाडी मोजणे, क्लोराइड किती खोल गेले आहे ते तपासणे आणि सळ्यांचा विद्युत-विभव पाहून गंजाची शक्यता आजमावणे, या परिचित चाचण्या आहेत.

पाचवी बाब जमिनीची आहे. मुंबईच्या तळाशी बेसाल्टचा कठीण खडक असला तरी किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या काठी त्याच्यावर मऊ सागरी चिकणमातीचे थर आणि त्यांच्यावर माणसाने घातलेला भराव असतो. केंद्राचा मुख्य भाग खडकापर्यंत नेलेल्या पायावर उभा राहतो आणि त्याला येऊन मिळणारी वाहिनी पुष्कळदा भरावावर टेकलेली असते. खडकावरचा भाग जागचा हलत नाही, भरावावरचा सावकाश खचत जातो, आणि या दोहोंच्या सांध्यावर ताण येतो. सांध्यातली पाणीरोधक पट्टी फाटली की पाणी बाहेर झिरपते, सोबत बारीक माती नेते, आणि वरचा रस्ता एके दिवशी अचानक खचतो. पायाखालूनही पाणी असेच वाट शोधत असते. आतल्या आणि बाहेरच्या पातळ्यांतला फरक मोठा असेल, तर ते पायाखालची माती कण-कण करून काढून नेऊ शकते, आणि म्हणून पायाच्या खाली खोलवर पोलादी पत्र्यांचा किंवा काँक्रीटचा पडदा उतरवावा लागतो.

हे सर्व भार एकेकटे आले तर आखणीत घेतलेल्या सुरक्षिततेच्या मर्यादेत बहुधा सामावतात. पुराच्या रात्री मात्र ते एकत्र येतात, आणि तेव्हा काय होते हे दुसऱ्या एका शहराने अनुभवले. मुंबईच्या महापुरानंतर जेमतेम महिन्याभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर कतरिना चक्रीवादळ आले. मोठा भाग समुद्रपातळीखाली असलेल्या त्या शहराकडे मोठे पंप आणि उदंचनाची जुनी परंपरा होती. परंतु पंपांचे पाणी ज्या कालव्यांतून सरोवराकडे जात असे, त्यांपैकी सतराव्या रस्त्याच्या कालव्याची पूरभिंत पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळली. पाण्याच्या दाबाने भिंत किंचित मागे झुकली, तिच्या आणि बांधाच्या मातीच्या मध्ये फट पडली, फटीत पाणी शिरून त्याचा दाब खोलवर पोहोचला, आणि खालची मऊ माती भिंतीसकट सरकली. लगतच्या जेफरसन पॅरिश या जिल्ह्यात उदंचन केंद्रांच्या कर्मचाऱ्यांना वादळापूर्वी दूर हलवण्यात आले होते, त्यामुळे चालवायला माणूसच नसल्याने तिथले पंप बंद राहिले आणि घरांत पाणी शिरले. त्यानंतर तिथे वादळातही कर्मचारी थांबू शकतील अशा मजबूत सुरक्षित खोल्या बांधल्या गेल्या, आणि शहराच्या तीन कालव्यांच्या मुखांशी दरवाजा व पंप एकत्र असलेली कायमची केंद्रे २०१८ मध्ये पूर्ण झाली.

जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी काय घडले, त्याचाही या विषयाशी थेट संबंध आहे. अणुभट्ट्या थंड ठेवणाऱ्या पंपांना भूकंपानंतर बाहेरून येणारी वीज बंद पडली. अशाच प्रसंगासाठी ठेवलेली बहुतेक डिझेल जनित्रे तळघरात होती, आणि त्सुनामीच्या पाण्याने ती बुडाली. संकटासाठी केलेली सोय संकटाच्याच वाटेवर ठेवलेली होती. उदंचन केंद्राचे रोहित्र, विजेचे फलक आणि जनित्र कोणत्या पातळीवर आहेत, हा प्रश्न म्हणूनच विद्युत विभागापुरता उरत नाही. ती सारी अवजड यंत्रे वर उचलून धरणारा मजला, जिने आणि खांब संरचनेच्या आखणीतच धरावे लागतात.

वास्तूइतकीच तिच्या देखभालीची जबाबदारी महत्त्वाची असते, हे शहाणपण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी फार पूर्वी कमावले होते. खाडीकाठच्या खाजण जमिनींना बांध घालून त्यांत लाकडी दरवाजांची मानस बसवण्याची पद्धत गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भरतीचे पाणी दरवाजे आपोआप बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी ते उघडून बाहेर जाते. ही रचना केवळ सुताराच्या कसबामुळे टिकली नाही. बांधाचे भगदाड कोणी बुजवायचे, दरवाजाची फळी कोणी बदलायची आणि खर्च कोणी सोसायचा, हे त्या शेतजमिनीशी बांधलेल्या समूहाने ठरवलेले असे. जिथे ही सामूहिक जबाबदारी सैल पडली, तिथे बांध फुटून शेते खारी झाली. मुंबईच्या पातमुखावरचा पोलादी दरवाजा हा त्याच मानसाचा थोरला वंशज आहे, आणि त्यालाही तोच नियम लागू होतो : दरवाजा कोणाचा, हे ठरलेले नसेल तर तो समुद्राचा होतो.

या विवेचनाच्या आधारे महापालिकेकडे पुढील मागण्या आदरपूर्वक मांडण्यात येत आहेत.

पहिली मागणी जाहीर नोंदीची आहे. प्रत्येक केंद्राच्या आखणीत भरतीची कमाल पातळी किती धरली आहे, पावसाची तीव्रता किती, रिकाम्या विहिरीच्या उचल-जोरापुढे सुरक्षितता किती, दरवाजांवर आणि जाळ्यांवर पातळ्यांचा किती फरक चालेल, आणि शेवटची संरचनात्मक तपासणी कधी झाली, हे प्रत्येकी एका पानात, सोप्या मराठीत महापालिकेने प्रसिद्ध करावे. पुलांच्या तपासणीबद्दल शहर जागरूक झाले आहे. पाण्याखाली असलेल्या वास्तू नजरेआड असल्याने त्यांना ही जागरूकता अधिक हवी.

दुसरी मागणी वेळापत्रकाची आहे. नालेसफाईची मुदत परंपरेने मेअखेरपर्यंत असते. पण २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सरासरी तारखेऐवजी २६ मे रोजीच दाखल झाला. उदंचन केंद्रांच्या विहिरी रिकाम्या करून करायची तपासणी, आवरणाच्या व गंजाच्या चाचण्या, जाळ्या आणि दरवाजांची दुरुस्ती ही कामे भूजल खोल असतानाच, एप्रिल संपण्यापूर्वी पूर्ण व्हावीत. त्यानंतर प्रत्यक्ष उधाणाच्या भरतीत दरवाजे बंद करून पाहावेत आणि सर्व पंप एकाच वेळी चालवून वास्तूचा कंप मोजावा, कारण एकेक पंप आळीपाळीने चालवून झालेली चाचणी पुराच्या रात्रीचे उत्तर देत नाही.

तिसरी मागणी एकत्रित संकटाच्या सरावाची आहे. भरती, अतिवृष्टी, वीज खंडित होणे, जाळी बुजणे आणि एखादा दरवाजा अर्धवट उघडा राहणे, या गोष्टी एकाच रात्री घडतील असे धरून प्रत्येक केंद्राची आखणी पुन्हा तपासावी, विजेची साधने सर्वाधिक संभाव्य पुराच्या पातळीच्या वर नेलेली आहेत याची खात्री करावी, आणि केंद्रावर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना तिथे चोवीस तास सुरक्षितपणे थांबता येईल अशी खोली, पाणी आणि संपर्काचे साधन असावे. कंत्राट बदलले तरी केंद्र ओळखणारी अनुभवी माणसे तिथे राहतील, अशी अटही करारात असावी, कारण नेहमीपेक्षा वेगळा आवाज ऐकून पंपाची आणि ओल पाहून भिंतीची व्यथा ओळखणारा कर्मचारी कोणत्याही यंत्रणेपेक्षा आधी धोका सांगतो.

चौथी मागणी उरलेल्या दोन केंद्रांची आहे. आठपैकी माहुल आणि मोगरा ही केंद्रे जागेच्या प्रश्नांत वर्षानुवर्षे अडकून राहिली, आणि कुर्ला, शीव, चेंबूरच्या तसेच अंधेरीच्या सखल भागांतल्या रहिवाशांनी त्याची किंमत मोजली. ती पूर्ण करताना १९९३ची मापे जशीच्या तशी उचलू नयेत. अशा वास्तू पुढची पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक काळ उभ्या राहणार असल्याने, या काळात वाढणारी समुद्रपातळी आणि वाढत्या तीव्रतेचा पाऊस धरूनच त्यांचा पाया घालावा, आणि भिंती व पंप पुढे वाढवता येतील अशी ताकद व जागा आजच राखून ठेवावी. पाया नंतर मोठा करता येत नाही.

पाचवी मागणी पंपांवरचे ओझे हलके करण्याची आहे. हिंदमाता परिसराचे पाणी काही काळ साठवून ठेवण्यासाठी दादर-परळ भागात बांधलेल्या भूमिगत टाक्या हे या दिशेने पडलेले पाऊल आहे. त्या टाक्याही भूजलात बुडालेल्या रिकाम्या वास्तू असल्याने त्यांनाही वर सांगितलेली तपासणी लागू व्हावी. मिठागरे, खारफुटी आणि मोकळी मैदाने ही बिनविजेची, बिनगंजाची साठवण आहे. तिच्यावर बांधकाम झाले की तिथले पाणी पंपांच्या वाट्याला येते, आणि कोणताही पंप एवढा मोठा नसतो की त्याने शहराचा सगळा हव्यास उपसून टाकावा.

या मागण्यांपैकी बहुतेकांना नवा मोठा निधी लागत नाही. लागते ती शिस्त, आणि जे ठाऊक आहे ते लोकांपुढे मांडण्याची तयारी. सुरुवात एकाच केंद्रापासून केली तरी चालेल, आणि ते लव्हग्रोव्ह असावे असे सुचवावेसे वाटते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याच परिसरातल्या बांधाने मुंबईकरांना जमीन दिली आणि तिच्यासोबत समुद्राला कायम अडवून धरण्याचे कर्तव्यही दिले. ते कर्तव्य आज त्या केंद्राच्या भिंती, दरवाजे आणि तळ पार पाडत आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांच्या प्रकृतीचे एक पान मराठीत प्रसिद्ध झाले, तर उधाणाच्या रात्री पंप किती चालू आहेत असे विचारणारा नागरिक, त्या पंपांना धरून ठेवणारी वास्तू कशी आहे, असेही विचारू लागेल. आणि त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवणारी महापालिका पुराच्या रात्री अधिक निश्चिंत असेल.

कळावे.

मुंबईच्या सुरक्षिततेची आस्था असणारा
एक नागरिक